घरच्या वायफायचा अखत्यार

इंटरनेटची जोडणी देताना कंपनीचा माणूस जो पांढरा डबा भिंतीवर अडकवून जातो, तो पुढे वर्षानुवर्षे त्याच खिळ्यावर राहतो. त्याच्या पोटात कोणता कारभार चालतो याची विचारपूस घरातील कोणी करीत नाही, आणि आतल्या खोलीत चित्र अडखळू लागले म्हणजे सगळा दोष बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या माथी मारला जातो. वस्तुतः उंबऱ्यापर्यंत येणारा प्रवाह पुष्कळदा पुरेसा असतो. तो खोलीखोलीत पोहोचविण्याचे काम ज्या यंत्राकडे आहे, ते मात्र असंख्य घरांत एकाच नमुन्याचे बसवावयाचे म्हणून किमतीकडे पाहून निवडलेले असते. ते बाजूस सारून स्वतःचे राउटर घेण्याचा विचार योग्यच आहे. परंतु दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी त्या एका डब्यात किती निरनिराळी कामे एकवटली आहेत हे जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यांपैकी एक काम आपणांस सहसा काढून घेता येत नाही.

फायबरच्या जोडणीत काचेची बारीक तार बहुधा हिरव्या टोकाच्या पिनेने डब्यात शिरते. तिच्यातून येणाऱ्या १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे विद्युत्संदेशांत रूपांतर करणे आणि घरातून बाहेर जाणारा मजकूर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर चढविणे हे ते काम होय, आणि ते करणाऱ्या यंत्रास ओएनटी म्हणतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तारेच्या फाट्यांवर अनेक घरे जोडलेली असतात, त्या सर्वांत मिळून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटांचा प्रवाह वाटला जातो, आणि एक्स्चेंजमधील यंत्र प्रत्येक ओएनटीस त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखून संदेश पाठविण्याची पाळी नेमून देते. ज्याची नोंद कंपनीच्या दप्तरी नाही, तो ओएनटी कितीही मोलाचा असला तरी त्याला तेथे दाद मिळत नाही.

युजरनेम व पासवर्ड सादर करून जोडणी उघडणे, घरातील उपकरणांना पत्ते वाटून देणे आणि वायफाय पसरविणे ही उरलेली कामे मात्र आपल्या राउटरकडे सोपविता येतात. त्यासाठी कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यावा लागतो, म्हणजे त्याच्याकडे प्रकाशाचे तेवढे काम राहते. म्हणून खरेदीपूर्वीच कस्टमर केअरला फोन करून ब्रिज मोडची मुभा आहे की नाही, आपले युजरनेम व पासवर्ड कोणते, व्हीलॅनचा क्रमांक द्यावा लागतो काय, आणि लँडलाइनचा फोन त्याच डब्यात खोवलेला असल्यास त्याची तजवीज काय, याचा खुलासा करून घ्यावा व तो कागदावर टिपून ठेवावा. जेथे ब्रिज मोड नाकारला जातो, तेथे जुन्या डब्याचे वायफाय बंद करून नवे राउटर त्याच्या मागे ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावता येते. अशाने अखत्यार पुरता आपल्याकडे येत नाही, तथापि खोल्यांतील वायफाय निश्चित सुधारते.

अखत्यार हा शब्द येथे मी विचारपूर्वक योजला आहे. कंपनीच्या डब्यात दुरून शिरून त्याची मांडणी बदलण्याची सोय कंपनीने आपल्याकडे राखलेली असते. तक्रार निवारणासाठी ती उपयुक्त आहे हे मान्य, पण घरातील प्रत्येक फोन, प्रत्येक कॅमेरा आणि बँकेचा प्रत्येक व्यवहार ज्या दारातून जातो, त्याची किल्ली परक्याकडे राहावी आणि दार डागडुजीवाचून वर्षे काढीत राहावे, ही स्थिती समाधानाची नव्हे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील घरगुती राउटर व कॅमेरे काबीज केले, आणि त्यासाठी त्याला कोणतीही असामान्य विद्या लागली नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते, तेवढे त्याला पुरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या उपकरणांच्या एकत्रित माऱ्याने ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. यास्तव माझ्या मते राउटर घेताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. या मॉडेलला सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे फर्मवेअरचे अपडेट, आणखी किती वर्षे मिळतील आणि ते आपोआप बसतात काय, हा असावा. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धती ज्यात नाही, असे राउटर आज स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुकानदार मात्र खोक्यावरील मोठ्या आकड्याकडे बोट दाखवील. ‘एएक्स ३०००’ हा आकडा कसा तयार होतो ते पाहण्याजोगे आहे: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील कमाल ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील कमाल २४०२ मेगाबिट यांची बेरीज २९७६ होते, आणि तिला ठोकळ आकड्याचे रूप देऊन ३००० छापले जातात. परंतु आपला फोन सामान्यतः एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. २४०२ साठी लागणारी १६० मेगाहर्ट्झची रुंदी पुष्कळ फोनांना वापरता येत नसल्यामुळे त्यांची मर्यादा १२०१ वरच येऊन थांबते. आणि प्रत्यक्षात हाती पडणारा वेग त्याहूनही बराच उणा असतो. ज्या घराचा प्लॅन १०० किंवा २०० मेगाबिटांचा आहे, त्याने या बेरजेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याऐवजी मागील बाजूच्या केबलच्या खाचा गिगाबिटच्या आहेत ना, एवढे पाहावे. कारण त्या १०० मेगाबिटच्या असतील तर २०० चा प्लॅन तेथेच अर्धा होतो.

याहून अधिक विचार भिंतींचा करावा लागतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झचा विस्तृत भाग २०१८ साली खुला झाला. पहिला पट्टा दूरवर जातो, पण त्यात परस्परांत न मिसळणारे मार्ग तीनच असल्यामुळे फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या वायफायची दाटी होते. दुसरा प्रशस्त व वेगवान, पण भिंतीपुढे लवकर नमणारा. कोकणातील जांभ्याच्या जाड भिंती, जुन्या वाड्याचे दगडी काम, किंवा सळ्यांनी भरलेले काँक्रीट यांपुढे एकच महागडे राउटरही हतबल होते. अशा घरात दोन साधी मेश राउटर, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरविणारी, घेऊन ती कॅट ६ च्या केबलने जोडणे हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. केबल ओढण्याची खटपट एकदाच पडते आणि तिचे फळ राउटर बदलले तरी टिकते. दोन-तीन खोल्यांच्या घरास एक राउटर पुरेल, परंतु ते लोखंडी कपाटाच्या माथ्यावर किंवा टीव्हीच्या मागे न दडविता घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर असावे.

वायफाय ७ या नव्या पिढीचा मोह तूर्त आवरावा. २०२४ मध्ये त्याची प्रमाणपत्रे देण्यास आरंभ झाला खरा, पण त्याचा पुरता लाभ उठविणारे फोन घरात येईपर्यंत वायफाय ६ चे चांगले राउटर सर्वसाधारण कुटुंबास उत्तम सेवा देईल.

विजेच्या लपंडावाची सवय असलेल्या गावांत आणखी एक तरतूद हवी. पूर्वी एका डब्यास वीज लागत होती, आता ओएनटी व राउटर अशा दोघांस लागेल. तेव्हा मिनी यूपीएस घेताना दोन्ही ॲडॅप्टरवरील व्होल्ट व ॲम्पिअर वाचून, दोघांनाही पुरेल असाच घ्यावा. ब्रिज मोडमध्ये राहिलेला ओएनटी कंपनीच्याच मालकीचा असतो, हेही ध्यानात असू द्यावे: त्याचा अनुक्रमांक वहीत उतरून ठेवावा, आणि पुढे जोडणी बंद करताना तो परत देऊन त्याची लेखी पोच घ्यावी, म्हणजे अनामत रकमेविषयी वाद उरत नाही.