बंदूक घेण्याआधी

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा हिवाळा जागलीवर जातो. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरे, पूर्णेच्या काळ्या सपाटीवर रोह्यांचे कळप. संध्याकाळी डोळे भरून पाहिलेला हरभरा सकाळी उलथलेला दिसतो. मग पारावर हमखास विषय निघतो, ‘आता बंदूकच घ्या लागते.’

दर्यापूरकडे शेती करणारा माझा पुतण्या परवा हेच म्हणाला. “काकाजी, सरकारी कारखान्याची रायफल हाये, इलायतीपेक्षा लय सस्ती पडते. घेऊ काय?”

बँकेत मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले. वस्तू चांगली आहे का, हा तिथे दुसरा प्रश्न. मागणाऱ्याच्या गरजेला ती जुळते का, हा पहिला.

वस्तू वाईट नाही. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने नावारूपाला आणलेली ही .३१५ बोअरची रायफल. तिची घडण जुन्या ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीवरून घेतलेली. हाताने बोल्ट मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे सारला की नवे नळीत बसते. काम साधे आणि दणकट.

पण कायदा काय म्हणतो? १९५९ चा शस्त्र कायदा पीक राखायला ठासणीची बंदूक सांगतो. ती पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीची नळी आतून पिळाची. ती या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी निराळे सबळ कारण द्यावे लागते. शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना हवा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. नरनाळा, काटेपूर्णा, मेळघाट यांच्या आसपासच्या गावांनी हे आधीच पाहावे. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यासाठी वनखात्याचा लेखी आदेश वेगळा लागतो. तो नसेल तर रोह्यावर झाडलेली गोळी थेट कोर्टात नेते.

स्वस्ताईचेही तसेच. किंमत एकदाच मोजायची. पण कुलूपबंद पेटी, काडतुसे, सराव, दर ५ वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण, निवडणुकीत ठाण्यात जमा करण्याची धावपळ, हे मागे लागतेच. सरावाचे पैसे वाचवणाऱ्याने तर बंदूक घेऊच नये.

एवढे सांगून मी पुतण्याला विचारले, “रातच्याले तुह्या वावरापलीकडं कोन अस्ते?”

“म्हातारा अस्ते जागलीले. त्याच्यापल्याड मेंढपायाइचा डेरा.”

“अन् गोळी चुकली त कुठी थांबन?”

तो बोलला नाही. छर्‍यांचा जोर थोड्या अंतरात ओसरतो. रायफलीची गोळी किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते. डोंगरात तिला अडवायला निदान टेकडी असते. आपल्या सपाट शिवारात, अंधारात, ती अडते ती दुसऱ्याच्या मचाणापाशी.

मग ही रायफल शोभते कुणाला? ज्याचे कारण कायद्याला पटते, ज्याने मातीच्या बांधापुढे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हात बसवला आहे, ज्याच्या घरात पोराबाळांच्या हाती किल्ली लागत नाही आणि ज्याला राग आल्यावर थांबता येते, त्याला. दुकानात खांद्याला लावून पाहण्याआधी एवढे स्वतःला विचारावे.

बाकीच्यांची गरज बंदुकीची नसून कुंपणाची आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून झटका मशीनची तार ओढावी, जागलीच्या पाळ्या लावाव्यात, नासाडी झाली की त्वरित वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. विजेच्या खांबावरून उघड्या तारेत प्रवाह मात्र कदापि सोडू नये. तिने वाघही मेले आणि माणसेही. भरपाईने हरभऱ्याचे सगळे दुःख भरून निघत नाही, हे मलाही दिसते. पण गेलेले पीक पुढल्या साली पुन्हा पेरता येते. पलीकडच्या वावरातला म्हातारा पेरता येत नाही.