वात्रट की भ्यालेले?

मुलांच्या वर्तनाविषयी तक्रार आली की शिक्षक काय आणि पालक काय, बहुधा एकच प्रश्न विचारतात : "या मुलाने असे का केले?" विचारणाऱ्याच्या स्वरावरूनच उत्तर अगोदर ठरलेले आहे हे कळून येते. मुलगा वात्रट आहे, आळशी आहे, अथवा आजीने लाडावून ठेवला आहे, यांपैकी एखादा शिक्का त्याच्या माथी बसतो आणि चौकशी संपते. या प्रश्नाच्या अगोदर दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे, तो हा की, "या मुलावर काय ओढवले आहे?" मनावर झालेल्या आघाताची जाण ठेवून शाळा कशी चालवावी, याचा विचार गेल्या काही दशकांत जगभर होत आहे, त्याचे सार या एका प्रश्नात आहे असे म्हटले तरी चालेल. हा विचार परदेशात वाढला म्हणून आपल्याकडे त्याचे प्रयोजन नाही, असे कोणी समजू नये. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याइतके त्याचे प्रयोजन क्वचितच दुसरीकडे असेल.

गेल्या काही वर्षांचाच हिशेब पाहा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि पायथ्याच्या वाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. वीस-एक माणसे प्राणांस मुकली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरांची छपरे उडविली, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तळमजले बुडाले, आणि असंख्य कुटुंबांनी ती रात्र व पुढचा दिवस माळ्यावर नाहीतर गच्चीवर काढला. त्याच पावसात खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळली, आणि सीमेपलीकडे महाड तालुक्यात तळिये गावी डोंगर खाली येऊन ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. या सर्वांवर कोविडची साथ होतीच. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुष्कळशा वर्गांसाठी पुन्हा भरू लागल्या. म्हणजे चिपळूणच्या पोरांच्या डोळ्यांदेखत घर बुडाले तेव्हा घंटा, प्रार्थना, हजेरी, मधली सुट्टी हा जो मनाला सावरणारा रोजचा क्रम, तोही बहुतेकांस उपलब्ध नव्हता.

ही झाली वर्तमानपत्रांत आलेली संकटे. न छापली जाणारी संकटे याहून अधिक आहेत. बाप मुंबईस, आई त्याच्यामागे, आणि मूल आजीपाशी गावी, अशी घरे कोकणात नवी नाहीत. त्यात बापाची नोकरी गेली, घरात दारू शिरली, भाऊबंदकीच्या दाव्यातून रोज शिवीगाळ होऊ लागली, म्हणजे मूल पुरात न सापडताही बुडत असते. आणि शाळेत त्याची खूण एवढीच दिसते की, पाढे म्हणताना ते अडखळते अथवा शेजारच्याला बुक्की मारते.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. धोका जाणवताच शरीर आपोआप सज्ज होते : छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. मग प्राणी झुंजतो, पळतो किंवा थिजतो. ही निसर्गाची योजना होय, आणि वाघ समोर असता ती प्राण वाचविते. परंतु ज्या मुलाने मोठे भय पाहिले आहे, अथवा जे नित्य भयात राहते, त्याची ही सावधानता धोका टळल्यावरही उतरत नाही. वर्गाच्या पत्र्यावर पावसाची सर जोराने कोसळली, कोणी दार आपटले, गुरुजींनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, की त्याचे शरीर पुन्हा त्या रात्रीत जाते. तेव्हा जो झुंजतो त्याला आपण दांडगट म्हणतो, जो पळतो त्याला शाळाचुकार म्हणतो, आणि जो थिजतो त्याला ढब्बू ठरवितो. अशा क्षणी विचार करणारी, आठवण ठेवणारी मेंदूची शक्ती मंदावलेली असते. म्हणून त्याच वेळी छडी उगारून सातचा पाढा विचारणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम विचारण्यासारखे आहे. यांपैकी थिजणारे मूल सर्वांत दुर्लक्षित राहते, कारण ते कोणाला त्रास देत नाही. शिक्षक त्याला ‘शांत आणि गुणी’ असा शेरा देतात.

आपल्या जुन्या ग्रंथांत या गोष्टीची जाण नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या संगोपनाचा विचार करताना आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे की, मूल रडत असेल, जेवत नसेल अथवा ऐकत नसेल, तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. ‘बागुलबुवा येईल’ असे म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हे वचन ध्यानी धरण्यासारखे आहे. लालनाला पाच वर्षे आणि ताडनाला दहा वर्षे देणारे सुभाषित मात्र आपण सर्वांनी पाठ केले आहे. त्याच सुभाषितात सोळाव्या वर्षी पुत्राशी मित्रासारखे वागावे असेही म्हटले आहे, हा उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरला जातो. आता तर ताडनाचा प्रश्न कायद्यानेच सोडविला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमान्वये मुलाला शारीरिक शिक्षा करणे अथवा त्याचा मानसिक छळ करणे निषिद्ध आहे. पण छडी ठेवून दिल्यावर हाती काय घ्यावे, हे कायदा सांगत नाही. ते आपण शिकावयाचे आहे.

याविषयी अनुभव काय सांगतो? दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनी हॅम्पस्टेड येथे लहान मुलांसाठी बालगृहे चालविली. त्यांना असे आढळले की, आई किंवा परिचित वडील माणूस जवळ असता मुले बॉम्बचा भडिमारही बऱ्याच अंशी सोसतात. माणसांपासून तुटणे मात्र त्यांना फार जड जाते. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप होऊन हजारो माणसे मेली, तेव्हा भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. ज्यांचे गावच उरले नव्हते, त्यांना शाळा, सोबती आणि रोजचा क्रम परत देणे, हे त्या कार्याचे मर्म होय. १९९८ साली अमेरिकेतील फेलिट्टी व अँडा या वैद्यांनी हजारो प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत बालपणी सोसलेल्या छळाचा व कलहाचा संबंध पुढील आयुष्यातील व्यसनांशी, इतकेच नव्हे तर हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांशीही असल्याचे दिसून आले. तथापि आघात झाला म्हणजे मूल वाया गेलेच, असे मुळीच नाही. बहुतेक मुले सावरतात. आणि सावरणाऱ्या मुलांजवळ बहुधा एक तरी विश्वासाचे मोठे माणूस असते.

असे माणूस शिक्षक होऊ शकतो याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्याने दिले आहे. दापोली तालुक्यातील पालगड येथे १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाचा कारभार पाहताना ते आजारी मुलांची शुश्रूषा करीत, त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या आवरून ठेवीत, आणि ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून मुलांना वाचावयास देत. विद्यार्थिदशेतच मातृवियोग सोसलेल्या या पुरुषाला घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचे मन ओळखण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागली नाही.

आता वर्गात प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे क्रम. भ्यालेल्या मुलाला अकस्मात काहीही सोसत नाही. म्हणून वेळापत्रक स्थिर असावे, बदल व्हावयाचा असल्यास आदल्या दिवशी सांगावा, आणि आपत्तीच्या कवायतीसाठी भोंगा वाजवावयाचा असेल तर तोही सांगून वाजवावा. दुसरी गोष्ट स्थान. अशा मुलाला भिंतीशी अथवा दाराजवळ बसावयाचे असेल तर बसू द्यावे. मनाने घेतले तर पाच मिनिटे पाणी पिऊन येण्याची मुभा असावी. तिसरी गोष्ट बोलण्याची रीत. वर्गासमोर चौकशी करू नये. बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारावे, आणि सांगावयाचे नसेल तर आग्रह धरू नये. चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण आम्ही तिला फार महत्त्व देतो. ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ हा निबंध आपल्याकडे वर्षानुवर्षे लिहविला जातो. ज्या मुलाचे दप्तर, अंथरूण आणि गोठ्यातील गाय वाहून गेली, त्याने दहा गुणांसाठी ते मनोगत लिहावे काय? साथीत ज्याचे वडील गेले, त्याच्यापुढे ‘माझे बाबा’ हा एकच विषय का ठेवावा? दोन विषय फळ्यावर लिहिले की मुलाची सुटका होते, आणि ज्याला खरोखरच लिहून मन मोकळे करावयाचे आहे त्यालाही वाव राहतो.

येथे कित्येक वाचक म्हणतील की, याने शिस्त बुडेल, आणि प्रत्येक द्वाड मुलगा दुःखाचे निमित्त पुढे करील. ही शंका पोकळ नाही. सर्वच खोड्यांचे मूळ दुःखात नसते. काही खोड्या निव्वळ खोड्या असतात, आणि त्या असाव्यातही. परंतु आघाताची जाण ठेवणे म्हणजे नियम सोडणे नव्हे. ज्याने सोबत्याची वही फाडली त्याने ती पुन्हा उतरवून द्यावी. ज्याने मारले त्याने, शांत झाल्यावर, समेट करावा. शिक्षेतून वगळावयाचा आहे तो अपमान. उलट भ्यालेल्या मुलालाच निश्चित नियमांची गरज अधिक असते, कारण मोठी माणसे आज काय करतील हे ओळखता येणे, यातच त्याला सुरक्षितपणा वाटतो. लहरी माया आणि लहरी राग ही दोन्ही त्याला सारखीच घातक होत.

एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस आता दोन शब्द. घरात मृत्यू झाला की ‘काका गावाला गेले’ असे मुलांस सांगण्याची चाल आहे. मूल मूर्ख नसते. ते सोप्यावरच्या कुजबुजीतून सर्व जाणते, आणि याविषयी बोलावयाचे नाही एवढेच शिकते. त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत, पण खरे सांगावे. दूरदर्शन संचावर पुराची तीच ती चित्रे दिवसभर चालू ठेवू नयेत. सायंकाळची दिवेलागण, एकत्र जेवण आणि आजीची गोष्ट शक्य तितक्या लवकर पूर्ववत् सुरू करावी. आणखी असे की, ‘घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये’ हा आपला बाणा कितीही थोर असला, तरी वर्गशिक्षकास विश्वासात घेऊन थोडक्यात कळवावे. तपशील देण्याचे कारण नाही. "घरात मोठे दुःख झाले आहे, जरा सांभाळून घ्यावे", एवढे पुरे. शिक्षकानेही ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटू नये.

मायेने आणि क्रमानेही जे सावरत नाही, महिना-दीड महिना लोटला तरी ज्याची झोप, भूक व अभ्यास ताळ्यावर येत नाही, अथवा जे जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलते, त्याला वैद्यकीय साहाय्य हवे. जिवाची भाषा ऐकताच तर एक दिवसही थांबू नये. आमच्या रत्नागिरीत शासकीय मनोरुग्णालय आहे. पण त्याचे नाव आपण एकमेकांस चिडविण्यापुरतेच वापरीत आलो, आणि म्हणून मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावयाचे म्हटले की घरातील वडील माणसे संकोचतात. हात मोडला तर हाडवैद्याकडे जाण्यात लाज नसते, तशी येथेही नसावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू झाली आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे प्रत्येक शाळेच्या फलकावर आणि घरातील दिनदर्शिकेवर लिहिलेले असावेत.

पावसाळा दरवर्षी येणार, आणि नद्या-डोंगरांवर आपली सत्ता नाही. पण शाळेत परतलेल्या मुलाचे स्वागत कसे व्हावे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढील वेळी तुमच्या मुलाविषयी अथवा पुतण्याविषयी शाळेतून चिठ्ठी येईल, तेव्हा त्याला समोर उभे करून जाब विचारण्यापूर्वी त्याला जवळ बसवून घ्यावे, आणि काही वेळ त्याचे ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.