मनाच्या दुखण्याचा खर्च कुणी करायचा?

मुलाचा दात, सासूबाईंचे गुडघे, ह्यांचं ब्लडप्रेशर... महिन्याच्या हिशेबात ह्या सगळ्यांना जागा असते. पण आपल्यालाच दोन-तीन महिने धड झोप लागत नाही, भाजी निवडता निवडता उगीचच डोळे भरून येतात, पोळ्या लाटायला हात उचलत नाही, ह्याचा खर्च कुठे मांडायचा? आपण डोकेदुखीची गोळी घेतो, 'अशक्तपणा असेल' म्हणून टॉनिकची बाटली आणतो आणि गप्प बसतो.

गप्प बसण्याचं एक कारण म्हणजे 'लोक काय म्हणतील?' त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. दुसरं कारण पैशांचं, आणि त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. खासगी डॉक्टरांची फी, दर आठवड्याचं समुपदेशन, महिनोन्महिने चालणारी औषधं... डाळीच्या डब्यात बाजूला टाकलेल्या नोटांत हे भागत नाही. आणि पैसे मागायचे तर कारण सांगावं लागतं! म्हणून आज पैशांबद्दलच बोलू या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या १८व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की, सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशांवर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपचार परवडणारे हवेत, घरापासून फार लांब नकोत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते फुकट मिळायला हवेत, हाती तसं कार्ड नसलं तरीसुद्धा. म्हणजे सरकारी दवाखान्यात जाणं म्हणजे कुणापुढे हात पसरणं नव्हे. आपण साबणासारख्या ज्या वस्तू घेतो, त्यांवरच्या कराचाच पैसा तिथे आलेला असतो.

आता तुम्ही विचाराल, जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्यात आला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका, नर्स असं पथक त्यात धरलेलं आहे. चिठ्ठी नको, ओळख नको. इतर रुग्णांसारखा केसपेपर काढायचा आणि बाकावर बसायचं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केले आहेत. रांग असते, हे खरं. सकाळचा स्वयंपाक उरकून लवकर निघालेलं बरं. आधीची औषधं चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या. तुम्ही तिथे काय सांगितलंत, ते काही मोजके अपवाद सोडले तर गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच कायद्याने घातलं आहे. आणि हो, उदासपणावरची औषधं दोन दिवसांत गुण देत नाहीत, दोन-चार आठवडे लागतात. शेजारणीच्या सांगण्यावरून ती मध्येच बंद करू नका.

सरकारी उपचारांना गुण येतो का, ही शंकाही रास्तच. त्यासाठी शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. वैद्यकाचा गंध नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचं शिक्षण देऊन आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून बसवलं. अंगदुखी, थकवा म्हणून येणाऱ्या रुग्णांचं त्या ऐकून घेत, धीर देत, गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवत. सहा महिन्यांनी पाहिलं तर, ज्या सरकारी केंद्रांत ह्या बायका होत्या तिथले जवळजवळ ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. ज्या केंद्रांत त्या नव्हत्या तिथे हेच प्रमाण ४२ ते ४३ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. तेव्हा मोठी यंत्रं आणि चकचकीत इमारत लागतेच असं नाही. पगार देऊन बसवलेली, ऐकून घेणारी एक बाई लागते.

पण हा पगार द्यायचा कुणी? इथेच घोडं अडतं. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य खात्याला सुमारे ९० हजार कोटी रुपये होते. त्यात मानसिक आरोग्याच्या नावाने वेगळे दाखवलेले सुमारे १,००४ कोटी. शंभर रुपयांच्या वाणसामानात रुपयाची हळद, तसं हे! त्यातले ८५० कोटी बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेला आणि ६४ कोटी तेजपूरच्या संस्थेला. ह्या संस्था हव्यातच, डॉक्टर तिथेच तयार होतात. पण आपण काही तेजपूरला जाणार नाही. जिल्ह्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वेगळा येतो. एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केलेली होती. जिल्ह्याची वस्ती वीस लाख धरली, तर माणशी वर्षाला चार रुपये आणि वर थोडे पैसे. एवढ्यात कोथिंबिरीची जुडी तरी येते का?

उरलेले ९० कोटी 'टेलिमानस' ह्या फोनसेवेचे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावा. दिवसरात्र केव्हाही, मराठीतून, फुकट. दुपारी घरात कुणी नसताना बोलता येतं. जगणं नको असं वाटू लागलं असेल तर दुपारचीही वाट पाहू नका.

औषधांचं मात्र नीट लक्षात ठेवा. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळाली पाहिजेत, असं कायदा सांगतो. आपल्याकडे तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय त्यातच येतं. 'बाहेरून आणा' असं सांगितलं, तर ते कागदावर लिहून मागा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज करा. एकटीने करायला संकोच वाटत असेल, तर महिला मंडळाच्या नावाने करा. तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात आणि ठरल्या वारी खरंच येतात का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.