एक्सप्लेनर : ईमेलमधली मराठी डेटाबेसमध्ये शिरताच '????' का होते?

समजा, तुम्ही पाणीपुरवठ्याची तक्रार मराठीत ईमेल केली. तक्रार क्रमांकही आला. आठवड्याने चौकशी केली, तर पलीकडच्या स्क्रीनवर तक्रारीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मेल पोहोचला, पण मजकूर वाटेतच हरवला. असं का होतं, समजून घेऊया.

गोंधळ नेमका कुठे होतो?

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'म'चे ३ बाइट कुणी जुन्या विंडोज-१२५२ पद्धतीने वाचले, तर तीन वेगळीच चिन्हं दिसतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', चलनाचं गोल चिन्ह आणि वर्तुळातला 'आर'. बाइट तेच, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरला.

ईमेल मुळात १२८ चिन्हांच्या आस्की संचासाठी बनला होता. १९९२मध्ये आलेल्या माइम मानकामुळे मजकूर कोणत्या पद्धतीत आहे, हे मेलच्या हेडरमध्ये सांगण्याची सोय झाली. मेल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ही नोंद पाहिलीच नाही, की गडबड सुरू होते. विषयाची ओळ वेगळ्या प्रकारे गुंडाळलेली असते. त्यामुळे कधी मजकूर नीट दिसतो आणि विषय मात्र अगम्य.

चूक कशी ओळखायची?

● विचित्र इंग्रजी चिन्हं : बाइट बहुधा शाबूत आहेत. मजकूर परत मिळू शकतो.

● ओळीने प्रश्नचिन्हं : जुन्या संचात ते अक्षरच नव्हतं, म्हणून त्याजागी '?' बसलं. ते डेटाबेसमध्ये तसंच साठवलं असेल, तर तिथून मूळ मजकूर मिळणार नाही. मूळ मेल हाच आधार.

● मजकूर मध्येच तुटला : मायएसक्यूएलमधला जुना 'यूटीएफ८' प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. मराठी त्यात मावते, पण इमोजीला ४ लागतात. कडक तपासणी बंद असेल, तर इमोजीपासून पुढचं सगळं कापलं जातं. म्हणजे 'नमस्कार' लिहून हात जोडलेला इमोजी टाकला, तर डेटाबेसमध्ये उरतो फक्त नमस्कार!

तपासणी कुठून सुरू करायची?

अंदाजाने सेटिंग बदलू नका. आधी मूळ मेलचं हेडर पाहा. मग डेटाबेसमध्ये 'हेक्स' फंक्शनने साठवलेले बाइट तपासा. 'म'साठी 'ई०एएई' नव्हे, तर 'ई० ए४ एई' असे तीन बाइट दिसले, तर साठवण बरोबर आहे, दोष दाखवणाऱ्या पानात. '३एफ' दिसलं, तर ते खरोखरच प्रश्नचिन्ह आहे. तीनऐवजी सहा बाइट दिसले, तर मजकूर दोनदा रूपांतरित झाला आहे.

उपाय काय?

टेबल, कॉलम आणि कनेक्शन या तिन्ही ठिकाणी 'यूटीएफ८एमबी४' हवं. बहुतेकदा टेबल बदललं जातं आणि कनेक्शन विसरलं जातं. मायएसक्यूएल ८.०पासून हाच प्रकार मूळ सेटिंगमध्ये आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत.

'लॅटिन१' कॉलममध्ये यूटीएफ-८चे बाइट पडले असतील, तर थेट रूपांतर केल्यास दुहेरी घोळ होतो. कॉलम आधी बायनरी प्रकारात आणि मग 'यूटीएफ८एमबी४'मध्ये न्यावा. त्याआधी बॅकअप हवाच.

सामान्य वापरकर्त्याने काय करावं?

युनिकोड कीबोर्डच वापरा. महत्त्वाच्या अर्जात इमोजी टाळा. पाठवलेला मेल पुसू नका. पलीकडे प्रश्नचिन्हं उरली, तर तुमची तक्रार अक्षरशः तुमच्याच 'सेंट' फोल्डरमध्ये शिल्लक असते.