स्पर्धा परीक्षांतील इंग्रजीचा पेपर : सराव कसा करावा?

आपल्या वस्तीतील मुले-मुली अंकगणितात आणि बुद्धिमापन चाचणीत कोणापेक्षा कमी नाहीत, हे मंडळाच्या अभ्यासिकेत दर रविवारी बसल्यावर आम्हास पुरते कळून चुकले आहे. अडते ते इंग्रजीच्या पेपरात. सरकारी बँकांतील कारकून व अधिकारी पदांसाठी 2011 पासून आयबीपीएस ही संस्था सामाईक परीक्षा घेते. तिच्या पूर्व परीक्षेत तीन विभाग असतात आणि तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. म्हणजे गणितात 35 पैकी 32 प्रश्न बरोबर आले आणि इंग्रजीत किमान रेषेच्या खाली अर्धा गुण राहिला, तर त्या 32 प्रश्नांचा काही उपयोग नाही. खात्यात शिल्लक आहे पण चेकवरची सही जुळत नाही, असाच हा प्रकार. दरवर्षी अभ्यासिकेतील दोन-चार मुले अशी काठावरून परत येतात आणि त्यांतली एक-दोन पुढच्या वर्षी फॉर्मच भरत नाहीत.

2021 साली अर्थ मंत्रालयाने कारकून पदाची परीक्षा हिंदी-इंग्रजीबरोबरच 13 प्रादेशिक भाषांतून घेण्याची शिफारस केली, आणि त्यांत मराठी आहे. (2024 च्या वेतन करारानंतर कारकुनास 'ग्राहक सेवा सहयोगी' असे भारदस्त नाव मिळाले आहे. टेबल तेच, रांगही तीच.) त्या वेळी पुष्कळ पालकांना वाटले की, आता इंग्रजीचा प्रश्न मिटला. तसे नाही. गणित आणि तर्क मराठीतून सोडवता येतात, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहतो. 30 प्रश्न आणि 20 मिनिटे. एका प्रश्नास 40 सेकंद, आणि उतारा वाचायचा तोही त्यातच.

आता या विभागात विचारतात तरी काय? अभ्यासिकेत नव्याने येणारा मुलगा बहुधा बगलेत जाडजूड शब्दसूची घेऊन येतो. रोज 50 शब्द पाठ करायचे, महिनाभरात 1500, अशी त्याची आखणी असते. आठव्या दिवशी पहिल्या दिवसाचे शब्द विसरलेले असतात आणि विसाव्या दिवशी मुलगाच दिसेनासा होतो. ही शब्दसूचींची पद्धत ज्या परीक्षांमुळे फोफावली त्या परीक्षाच बदलल्या आहेत. अमेरिकेतील सॅट परीक्षेतून शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न 2005 साली गेले. जीआरईमधून ते आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 2011 साली गेले. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणारी क्लॅट परीक्षा 2020 पासून उताऱ्यांवरच आधारलेली आहे. व्यवस्थापन शाखेच्या कॅट परीक्षेत 2024 साली या विभागात 24 प्रश्न होते, त्यांतले 16 उताऱ्यांवरचे. शब्द लागतातच, ते कोणी नाकारत नाही. परंतु परीक्षक पाहतो ते निराळेच : समोर लिहिलेल्या वाक्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे या उमेदवारास कळते काय? यालाच शाब्दिक तर्क म्हणतात.

आमचा अनुभव असा आहे की, मराठी माध्यमाच्या मुलाकडे हा तर्क आधीच असतो. इंग्रजी वाक्य समोर आले की तो घाबरतो आणि स्वतःचा तर्क बाजूला ठेवून शब्दांचे अर्थ शोधू लागतो. म्हणून सुरुवातीचे पंधरा दिवस आम्ही प्रश्न मराठीतच घालतो. आमच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. "सही असल्याशिवाय चेक पास होणार नाही." यावरून, सही आहे म्हणजे चेक पास होणारच, असे निघते का? वर्गातली सगळी मुले एका आवाजात नाही म्हणतात. खात्यात पैसे हवेत, तारीख बरोबर हवी, खाडाखोड नसावी. सही आवश्यक आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. आता हेच वाक्य इंग्रजीत 'अनलेस' हा शब्द घालून लिहा, आणि तीच मुले "सही केलेला प्रत्येक चेक पास होतो" या पर्यायावर खूण करतात! तर्क तोच, माणूसही तोच, मध्ये आडवा आला तो एक शब्द. 'अनलेस'ला मराठीत एक शब्द नाही. त्याचे भाषांतर 'असल्याशिवाय नाही' असे तुकड्यांनी करावे लागते, आणि ते तुकडे मनात जुळेपर्यंत 40 सेकंद संपतात. तेव्हा पाठ करायचेच असतील तर असे वाक्य फिरवणारे तीस-चाळीस शब्द आधी पाठ करावेत. अनलेस, ऑलदो, हाऊएव्हर, डिस्पाइट, हार्डली, ओन्ली, ईव्हन इफ, रादर दॅन. दीड हजार अवघड शब्दांपेक्षा हे चाळीस अधिक गुण देतात.

यांतल्या कित्येक शब्दांची किल्ली आपल्या भाषेतील एका अक्षरात आहे. ते अक्षर म्हणजे 'च'. "सभासदच मत देऊ शकतात" आणि "सभासद मतच देऊ शकतात" या दोन वाक्यांत 'च' सरकला की अर्थ सरकतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत 'ओन्ली' हेच काम करतो. "ओन्ली मेंबर्स कॅन व्होट" म्हणजे सभासदच मत देऊ शकतात. पण प्रत्येक सभासद मत देऊ शकतो, असे हे वाक्य म्हणत नाही. वर्गणी थकलेल्या सभासदास कदाचित देताही येणार नाही. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचेही तसेच. 'अ फ्यू' म्हणजे थोडे, 'फ्यू' म्हणजे थोडेच. "सभेला थोडे लोक आले" आणि "सभेला थोडेच लोक आले" ही दोन वाक्ये म्हणताना आपला चेहरासुद्धा निराळा होतो. तर्काच्या विभागात 'ओन्ली अ फ्यू' असाही एक प्रयोग येतो. त्याचा अर्थ काही आहेत आणि काही नाहीत, असा दुहेरी धरावा लागतो. तेथे 'मोजकेच' हा शब्द मनात आणावा, म्हणजे चूक होत नाही.

उताऱ्यावरील प्रश्नांकडे वळू. समजा उताऱ्यात एवढेच आहे : "एका गावात पाच वर्षांपूर्वी ग्रंथालय सुरू झाले. त्यानंतर गावातील नोकरीस लागलेल्या तरुणांची संख्या वाढली. तेव्हा इतर गावांनीही ग्रंथालये काढावीत." या तीन वाक्यांवर चार निरनिराळे प्रश्न होऊ शकतात. उताऱ्यावरून काय निश्चित म्हणता येते? एवढेच, की आज त्या गावात नोकरीस लागलेले तरुण ग्रंथालय सुरू झाले तेव्हापेक्षा अधिक आहेत. ग्रंथालयामुळे ते वाढले हे उताऱ्यात लिहिलेले नाही. लेखकाने ते मनात गृहीत धरले आहे, आणि गृहीतक विचारले तर हेच उत्तर. लेखकाचे म्हणणे कशाने लंगडे पडेल? त्याच पाच वर्षांत गावाशेजारी औद्योगिक वसाहत झाली, असे कळले तर. आणि बळकट कशाने होईल? शेजारच्या तशाच, पण ग्रंथालय नसलेल्या गावात संख्या वाढली नाही, असे कळले तर. क्लॅटच्या तर्काच्या विभागातील पुष्कळसे प्रश्न याच चार साच्यांत बसतात. आम्ही मुलांना रोजच्या वर्तमानपत्रातील एक बातमी घेऊन हे चार प्रश्न स्वतःच तयार करायला सांगतो. आधी मराठी बातमी, महिन्याभराने इंग्रजी.

येथे एक गोष्ट जरा स्पष्टपणे सांगावीशी वाटते. आपली मुले वाचणारी आहेत, चळवळीत वाढलेली आहेत, त्यांना मते आहेत. हे भूषण आहेच, पण परीक्षेत ते आडवे येते. उताऱ्याचा लेखक आरक्षणाविरुद्ध लिहितो, किंवा गरिबीचे खापर गरिबांवरच फोडतो. मुलाला राग येतो. प्रश्न असतो, "लेखकाच्या मते कारण कोणते?" आणि मुलगा खरे कारण निवडतो. खरे, पण लेखकाचे नव्हे. गुण जातो, वर दंड पडतो. परीक्षकाने तुमचे मत विचारलेले नाही, त्याने लेखकाचे विचारले आहे. विरोधकाचे म्हणणे जसेच्या तसे, आपल्याकडून काही न मिसळता मांडता येणे, हे वकिलास लागते, अधिकाऱ्यास लागते. लेखकाशी भांडायला पेपर सुटल्यावर सारा दिवस मोकळा आहे.

विस्कळित वाक्ये क्रमाने लावण्याचा प्रश्न मुलांना उगीच अवघड वाटतो. पाहा : (अ) त्यांपैकी दोन जागा आधीच भाड्याने दिलेल्या निघाल्या. (ब) एका शिक्षिकेने वाचनालयासाठी नगरपालिकेकडे एक अर्ज केला. (क) त्यामुळे उरलेल्या जागेवरच शेवटी निर्णय झाला. (ड) तिने त्या अर्जात तीन जागा सुचवल्या होत्या. क्रम ब, ड, अ, क. 'तिने' म्हटले की आधी ती कोण हे सांगितलेले असणार. 'त्यांपैकी' म्हटले की आधी जागा येऊन गेलेल्या असणार. 'एक अर्ज' आधी, 'तो अर्ज' नंतर. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' या उपपदांचे काम पुष्कळदा हेच असते : प्रथम भेटीला 'अ', ओळख झाल्यावर 'द'. मराठीत उपपदे नाहीत म्हणून आपली मुले ती गाळतात. पण 'एक' आणि 'तो' आपल्याकडेही आहेत, हे लक्षात आणून दिले की निम्मी भीती जाते.

चुका शोधण्याच्या प्रश्नांबद्दल फार लिहीत नाही. रेन अँड मार्टिनचे व्याकरण त्यासाठी पुरेसे आहे. मराठीतून विचार केल्याने होणाऱ्या ठरावीक चुका मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. 'विषयी चर्चा' करण्याची आपल्याला सवय असल्याने 'डिस्कस'च्या मागून 'अबाउट' येतो, तो नको. 'सीनियर'पुढे 'टू' येतो, 'दॅन' नाही. 'वन ऑफ'नंतरचे नाम अनेकवचनी.

सरावाची वही कशी ठेवावी, हे त्याहून महत्त्वाचे. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही तर फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. दहा रुपयांचा असला तरी तो शोधायचा. सरावात मुले नेमके उलट करतात. वीस प्रश्न सोडवायचे, उत्तरे ताडून पाहायची, "तेरा आले" म्हणायचे आणि पान उलटायचे. जे सात चुकले त्यांतच शिकण्यासारखे होते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर एक ओळ लिहावी : मी निवडलेला पर्याय का चूक? बहुतेक वेळा कारण चार-पाचांतलेच निघते. पर्यायात 'सर्व', 'नेहमी', 'कधीच' असा अतिरेकी शब्द होता आणि उताऱ्यात 'काही' होते. पर्यायाचा पूर्वार्ध बरोबर, उत्तरार्ध चूक. गोष्ट जगात खरी, पण उताऱ्यात नाही. उताऱ्यातलेच शब्द उचललेले, अर्थ मात्र उलटा. महिन्याभराने या खतावणीची बेरीज करावी. कोणाच्या नावे कोणती चूक जास्त पडते ते दिसते, आणि पुढील महिन्याचा अभ्यास त्यावरून ठरतो. दिवसाला एकच उतारा पुरे, पण त्याचा हिशेब पुरा झाला पाहिजे.

अंदाजाने खुणा करण्याबाबत पालकही वारंवार विचारतात. आयबीपीएसच्या परीक्षेत पाच पर्याय असतात, एक गुणाच्या चुकीच्या उत्तरास पाव गुण कापतात. डोळे मिटून पाच प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरीने एक बरोबर येणार, चार चुकणार. एक गुण जमा, एक गुण नावे, शिल्लक शून्य. म्हणजे निव्वळ अंदाजात वेळ जातो, हाती काही लागत नाही. मात्र विचार करून दोन पर्याय नक्की बाद करता आले, तर उरलेल्या तिनांत अंदाज करणे फायद्याचे : अशा तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, दोन चूक, आणि शिल्लक अर्धा गुण. एकही पर्याय बाद करता येत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जावे. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत, तेथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. प्रत्येक परीक्षेची माहितीपुस्तिका या एका कलमासाठी तरी वाचावीच.

साहित्यासाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. क्लॅटच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिच्या अधिकृत संकेतस्थळावर आहेत, तशाच लोकसेवा आयोगाच्याही. त्या आम्ही छापून अभ्यासिकेच्या डावीकडील कपाटात ठेवल्या आहेत. प्रत घरी नेऊ नये, वहीत उतरवून घ्यावी. त्यांवर पेन्सिलीने उत्तरे लिहिण्याची सवय काहींना लागली आहे, ती कृपया बंद करावी, कारण पुढच्या मुलास प्रश्न कोरा मिळाला पाहिजे. रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही तेथे असतो. येताना चुकलेले प्रश्न घेऊन यावे, बरोबर आलेले नकोत.