पिसलेले पत्ते आणि पसरणारी साथ

मॅट लीकॉक यांनी रचलेला आणि २००८ मध्ये प्रकाशित झालेला ‘पँडेमिक’ हा पटावरचा खेळ सहकारी खेळांत मोडतो, म्हणजे त्यातील खेळाडू परस्परांविरुद्ध नव्हे तर एकत्रितपणे चार रोगांविरुद्ध खेळतात, आणि जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारेच हरतात. जगाच्या नकाशावर ४८ शहरे रेषांनी जोडलेली असून रोगाचा जोर रंगीत ठोकळ्यांनी दाखवला जातो. एका शहरात एका रोगाचे तीनच ठोकळे मावतात, आणि चौथ्याची वेळ आली की जोडलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. यालाच उद्रेक म्हणतात. आठवा उद्रेक झाला की डाव संपतो.

साथीचे शास्त्र शिकवण्याचे या खेळाचे खरे सामर्थ्य मात्र पत्ते पिसण्याच्या एका नियमात आहे. एरवी गड्डीतून ज्या शहरांचे पत्ते निघतात तिथे ठोकळे ठेवून ते पत्ते बाजूला टाकले जातात. पण साथीचा पत्ता निघाला की गड्डीच्या तळाचे शहर एकदम तीन ठोकळ्यांनी ग्रासले जाते, बाजूला पडलेले पत्ते पिसून पुन्हा गड्डीवर येतात, आणि त्यामुळे नुकतीच होरपळलेली शहरेच पुन्हा निघू लागतात. अर्धवट आटोक्यात आलेली साथ जुन्याच जागी उफाळते, हे व्याख्यानात ऐकून विसरता येते. ठोकळे तसेच सोडून दुसरीकडे धावलेल्या विद्यार्थ्याला मात्र ते काही पाळ्यांतच सोसावे लागते.

या पटावर मुंबई दिल्ली, चेन्नई आणि कराचीशी जोडलेली आहे. यातील कराचीची रेषा मराठी वाचकाला अनोळखी नसावी, कारण सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ज्या प्लेगचे निदान केले, तो वर्ष सरण्यापूर्वी कराचीत पोहोचला होता.

खेळातील रोग मात्र लपत नाही. लागण आणि लक्षणे यांच्यामधले सुप्त दिवस, किंवा स्वतः आजारी न दिसता रोग पसरवणारी माणसे यांना पटावर स्थान नाही, आणि ही उणीव शिक्षकाने स्वतः बोलून दाखवली नाही तर खेळ चुकीचेच शिकवील. त्याहून मोठी उणीव विजयाच्या नियमात आहे: एकाच रंगाचे पुरेसे पत्ते जमवून चारही रोगांवरचे उपचार शोधले की ठोकळे शिल्लक असले तरी डाव जिंकला जातो. देवीची लस एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये टोचून पाहिली, आणि जग देवीमुक्त झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. मधल्या १८४ वर्षांत दारोदार हिंडलेल्या देवी टोचणाऱ्यांचे काम या पटावर कुठेच दिसत नाही. म्हणून शेवटचा उपचार सापडल्यावर शिक्षकाने पट लगेच आवरू नये. उरलेले ठोकळे जागच्या जागी ठेवून ते कोण, कसे आणि किती दिवसांत उचलणार, हे मुलांना विचारावे.