ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिला, पण कुठला?

पीएचडीच्या प्रस्तावात ‘जिवाणूंना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस देऊन प्रतिसाद तपासू’ हे वाक्य हमखास असतं. कुठला स्ट्रेस, असं विचारलं की उत्तर येतं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटली फ्रिजमध्ये असतेच ना! पण प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंवर काम करायचं असेल, तर एवढ्यावर भागत नाही.

रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस घ्या. (नव्या वर्गीकरणात तो सेरीबॅक्टर झालाय, पेपर शोधताना दोन्ही नावं टाका.) ऑक्सिजन नसताना हा प्रकाशावर जगतो, ऑक्सिजन मिळाला की आपल्यासारखा श्वसन करतो. ऑक्सिजन आला की तो बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवणं थांबवतो. पण आधी बनलेलं रंगद्रव्य लगेच कुठे जाणार? ते पेशीतच असतं, वरून ऊन, आणि आता शेजारी ऑक्सिजन. अशा वेळी प्रकाशाने उत्तेजित झालेलं रंगद्रव्य आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड हे ऑक्सिजनला जादा इलेक्ट्रॉन मिळून बनतात. सिंगलेट ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळत नाही, फक्त ऊर्जा मिळते. पाण्यात तो काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढ्यात प्रथिनं आणि मेदाम्लं बिघडवतो. कॅटालेज किंवा सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्याच्यावर चालत नाही.

पहिली ढाल कॅरोटिनॉइडची. 1955 मध्ये ग्रिफिथ्स, सिस्ट्रॉम, कोएन-बझीर आणि स्टॅनियर यांनी ‘नेचर’मध्ये याच जिवाणूचा रंगीत कॅरोटिनॉइड नसलेला निळा-हिरवा म्युटंट मांडला. हवा नसेल तर तो प्रकाशात मजेत वाढतो, अंधारात हवेवरही वाढतो. प्रकाश आणि हवा एकत्र आले की मरतो. नुसता प्रकाश नाही, नुसती हवा नाही, दोन्ही! मला तरी कंट्रोल शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

दुसरी फळी जनुकांची. आरपीओ-ई नावाचा सिग्मा फॅक्टर एरवी सीएचआरआर या जस्त धरणाऱ्या प्रथिनाच्या मिठीत अडकून पडलेला असतो. सिंगलेट ऑक्सिजन तयार झाला की प्रोटिएज सीएचआरआरचे तुकडे करतात, सिग्मा फॅक्टर मोकळा होतो आणि आरएनए पॉलिमरेजला घेऊन ठराविक जनुकं चालू करतो. त्यात डीएनए दुरुस्त करणाऱ्या फोटोलायेजचं जनुक आहे, आणि आरपीओ-एच-टू या आणखी एका सिग्मा फॅक्टरचंही. म्हणजे एक भोंगा वाजला की तो दुसरा वाजवतो.

2005 मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या डोनोह्यू यांच्या गटाने पीएनएएसमध्ये दाखवलं, की पेरॉक्साइड किंवा सुपरऑक्साइड बनवणारं पॅराक्वाट दिलं तर हा भोंगा वाजत नाही. (पेरॉक्साइडसाठी ऑक्सी-आर हा वेगळा पहारेकरी आहे.) म्हणजे फ्रिजमधली बाटली वापरली असती, तर ‘आरपीओ-ईचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी संबंध नाही’ असा चक्क चुकीचा निष्कर्ष निघाला असता. आणखी गंमत म्हणजे कॅरोटिनॉइड भरपूर असतील, तर आरपीओ-ई काढून टाकला तरी पेशी तगतात. दोन्ही काढले तरच सिंगलेट ऑक्सिजन त्यांना मारतो. तुमच्या म्युटंटमध्ये ‘काहीच फरक दिसत नाही’ तेव्हा आधी दुसरी ढाल कुठे आहे ते शोधा.

प्रयोगशाळेत सिंगलेट ऑक्सिजन बनवायला बहुतेक जण मिथिलीन ब्लू आणि प्रकाश वापरतात. रंग घातलेला एक फ्लास्क फॉइल गुंडाळून अंधारात ठेवायचाच, आणि बिनरंगाचा एक प्रकाशात. मग कुणीतरी ऑक्सिजन काढून टाकलेला कंट्रोलही सुचवतं. दुधाची एमबीआरटी आठवा: ऑक्सिजन संपला की जिवाणू मिथिलीन ब्लूचा रंग घालवतात. रंगच गेला तर प्रकाश शोषणार कोण? त्यामुळे तो फ्लास्क एकट्याने काहीच सिद्ध करत नाही, फॉइलवालाच खरा कामाचा.